माती परीक्षण : न टाकलेली गोणी दाखवायची कशी?

आज सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घरी जमिनीची आरोग्य पत्रिका आहे का? बऱ्याच जणांच्या घरी ती असणार. आता दुसरा प्रश्न. ती नेमकी कुठे आहे? ट्रंकेत सातबाऱ्याखाली, देव्हाऱ्याच्या फळीवर, की लाईट बिलाच्या तारेला टोचलेली? माढा तालुक्यात एका घरी मला ती पोराच्या वहीला कव्हर म्हणून घातलेली दिसली. नत्र, स्फुरद, पालाशाचे आकडे वहीच्या आतल्या बाजूला आणि वर पोराचे नाव, इयत्ता, तुकडी. मी बघतोय हे घरच्या तात्यांच्या लक्षात आले. ते म्हणाले, "सायेब, रागावू नका. कागद चांगला जाड हाय, म्हणून घातला. आन् खरं सांगू का, माझी माती मला म्हाईत न्हाई व्हय? बाप-आज्जा हिच्यातच गेला. कागद वाचून ऊस वाढतोय व्हय?"

मला राग आला नाही, उलट थोडी लाज वाटली. तो कागद तात्यांच्या हातात देणाऱ्या खात्याचाच मी माणूस. कागद दिला, सही घेतली, फोटो काढला आणि निघालो. त्या कागदाने तात्यांचे काय भले होणार, हे कुणी पाच मिनिटे बसून त्यांना सांगितलेच नव्हते.

माती परीक्षण ही एक सेवा आहे आणि फुकट असली तरी सेवा विकावीच लागते. शेतकरी पैसे देत नसेल, पण वेळ देतो, विश्वास देतो आणि वर्षाच्या पिकाचा धोका पत्करतो. बियाण्याची पिशवी, इंजिन, ठिबकची नळी या वस्तू हाताला लागतात, डोळ्याला दिसतात. माती परीक्षणातून हातात येतो तो आकड्यांचा कागद. आणि त्याचा फायदा काय? तर दोन गोण्या खत कमी लागले, ऊस पिवळा पडला नाही, जमीन खारावली नाही. म्हणजे जे घडले नाही तोच फायदा. तो माणसाला दाखवायचा कसा? आमचे घोडे अडते ते इथेच.

म्हशीला लाळ्या-खुरकुताची लस टोचली आणि ती आजारी पडली नाही, तर लशीचा गुण कुणाला दिसतो? तरीही आज गावात लस टोचायला माणसे जनावरे घेऊन येतात, कारण शेजारच्या गोठ्यातली म्हैस तडफडताना त्यांनी पाहिलेली असते. जमिनीचे तसे नसते. जमीन एका रात्रीत आजारी पडत नाही. दहा-पंधरा वर्षांत हळूहळू उतरते आणि तोवर आपण दोष पावसाला, बेण्याला नाहीतर कारखान्याच्या काट्याला देऊन मोकळे झालेलो असतो.

सोलापूरला हा अनुभव नवा नाही

आपल्या सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले. देशात त्या काळी अशी मोजकीच केंद्रे निघाली, त्यातले हे एक. एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या काळ्या जमिनीत पाणी किती मुरते, किती उडून जाते, याचा बारकाईने अभ्यास केला. त्याआधी १९२३ पासून पुण्याजवळ मांजरीला असे काम चालू झालेले होते. या सगळ्यातून जी पद्धत पुढे आली तिला 'मुंबई कोरडवाहू पद्धत' म्हणत. बांधबंदिस्ती करा, काही वर्षांआड खोल नांगरट करा, शेणखत घाला, बियाणे कमी वापरून अंतर जास्त ठेवा, कोळपण्या करा. यातली एकही गोष्ट चुकीची नव्हती. पण या पद्धतीने उत्पन्न वाढायचे ते थोडे थोडे, आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी वाढ आहे की नाही हे ओळखूही येत नसे. त्यामुळे ती पद्धत म्हणावी तशी पसरली नाही.

याउलट १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित ज्वारीचा वाण आला. धाटे बुटकी, कणसे गच्च. बांधावरून जाणारा माणूसही थांबून बघायचा. कुणाला भाषण करावे लागले नाही. आमच्या खात्यातली जुनी माणसे म्हणायची की बियाणे बांधावरून विकले जाते आणि सल्ला घरात बसून विकावा लागतो. माती परीक्षण हे या दुसऱ्या जातीचे काम आहे.

दुकानदार आणि आम्ही

आता एक गोष्ट स्पष्टच लिहितो. पान पिवळे पडले की तुम्ही ते तोडून खिशात घालता आणि कृषी सेवा केंद्रात जाता. दुकानदार पान बघतो, मागे वळतो आणि काउंटरवर बाटली ठेवतो. बाटलीवर हिरव्यागार पिकाचे चित्र असते. वर तो उधारही देतो. सल्ला फुकट, बाटली हातात, पैसे पट्टी आल्यावर. आम्ही काय सांगतो? माती काढा, वाळवा, सोलापूरला पाठवा, थोडे दिवस थांबा, मग कागद येईल, मग बघू. पीक पिवळे पडलेल्या माणसाला हे कसे पटावे? दुकानदाराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. काही दुकानदार चांगला सल्लाही देतात. पण त्यांचा धंदा माल विकण्यावर आहे आणि 'या वेळी काही टाकू नका' हा सल्ला विकून कुणाचे दुकान चालत नाही.

आमच्या चुकाही लिहायला हव्यात. मृद आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगड येथे सुरू झाली. बारा घटकांची तपासणी आणि प्रत्येक शेतकऱ्याला पत्रिका, असा मोठा बेत होता. पण एवढ्या खातेदारांचा वेगवेगळा नमुना घेणे शक्य नव्हते. म्हणून बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना घ्यायचे ठरले. त्या चौकोनात जेवढे खातेदार, त्या सगळ्यांना त्याच आकड्यांच्या पत्रिका. गावाचा सर्वसाधारण अंदाज यायला ही पद्धत ठीक होती. पण शेतकऱ्याला आम्ही सांगितले, 'ही तुमच्या रानाची पत्रिका.' बांधाला बांध लागून असलेले दोन भाऊ, एकाचे रान मुरमाड, दुसऱ्याचे काळेभोर, आणि दोघांच्या पत्रिकेवर आकडे तेच! लोक काय दुधखुळे आहेत? त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हसले.

माझी स्वतःची चूक याहून वाईट. नोकरीच्या पहिल्या वर्षी उन्हाळ्यात नमुन्यांचे उद्दिष्ट पुरे करायचे होते. एका दुपारी रस्त्याकडेच्या एकाच रानातून मी चार पिशव्या भरल्या आणि चिठ्ठ्या मात्र चार गटांच्या घातल्या. ज्याचे रान आत ओढ्याच्या काठाला होते त्याला भलताच अहवाल गेला. त्याने तो वाचला नाही म्हणून त्याचे नुकसान टळले. आता नमुना घेताना मोबाईलवर त्या जागेची नोंद होते, म्हणून असे प्रकार सोपे राहिलेले नाहीत. पण एकदा गेलेला विश्वास मोबाईलने परत येत नाही.

द्राक्षवाला पैसे का देतो?

उत्तर सोलापूर, पंढरपूर, बार्शीकडचा द्राक्षबागायतदार मात्र स्वतःच्या खिशातून पैसे देऊन देठ परीक्षण करून घेतो. खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी काडीवरच्या पाचव्या पानाचे देठ काढतो, जपून पाकिटात घालतो आणि मोटारसायकलवरून प्रयोगशाळेत नेऊन देतो. अहवाल कधी येणार म्हणून दोनदा फोनही करतो. त्याचा आणि तात्यांचा जिल्हा एकच. फरक एवढाच की द्राक्षात अन्नद्रव्य चुकले तर त्याच हंगामात घड जिरतो. बागेवर लाखाचा खर्च झालेला असतो, त्यामुळे तपासणीचे काही शे रुपये कुणाला जड वाटत नाहीत. शिवाय पैसे मोजून आणलेला कागद माणूस वाचतो. फुकट आलेला वहीला कव्हर होतो. म्हणून माझे वैयक्तिक मत असे झाले आहे की थोडी का होईना, फी घ्यावी. काही अधिकाऱ्यांना हे पटत नाही. अगदी गरीब कोरडवाहू शेतकऱ्याचे काय, असे ते विचारतात. त्यांचाही मुद्दा खोटा नाही.

आकडा नको, गोणी सांगा

अहवालात 'उपलब्ध स्फुरद हेक्टरी अमुक किलो' असे लिहिलेले असते. हे वाचून कुणाला काय कळणार? शेतकऱ्याचा हिशेब गोणीचा आणि एकराचा. म्हणून आता मी पत्रिका वाचून दाखवताना गोण्यांतच बोलतो. तुम्हीही करून पाहा.

सुरू उसाला शिफारस आहे हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश. म्हणजे एकरी १०० किलो नत्र, ४६ किलो स्फुरद, ४६ किलो पालाश. डीएपीच्या पन्नास किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असते. दोन गोण्या डीएपीत एकराचा स्फुरद पुरा झाला. राहिलेल्या ८२ किलो नत्राला युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या साधारण चार गोण्या. पालाशाला म्युरेटची दीड गोणी. एवढेच. आता आठवा, तुम्ही डीएपी किती टाकता?

वर्षानुवर्षे डीएपी पडलेल्या बागायतीत स्फुरद साचलेला आढळतो. अहवालात तो 'भरपूर' आला तर शिफारशीच्या पाव हिस्सा कमी टाकायचा. म्हणजे एकरी अर्धी गोणी कमी. गोणी १३५० रुपयांची धरली तर ६७५ रुपये वाचले. त्या अर्ध्या गोणीतले साडेचार किलो नत्र युरियातून भरून काढायला साठेक रुपये जातील, ते वजा करा. चार एकराला अडीच हजाराच्या घरात रक्कम राहते. आणि नुसते पैसेच नाहीत. स्फुरद जास्त झाला की पिकाला जस्त आणि लोह घ्यायला अडचण होते. आपल्या जमिनी आधीच चुनखडीच्या, सामू आठाच्या आसपास किंवा वर. अशा रानात लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि उसावर केवडा पडतो. मग त्या केवड्यासाठी बाटली आणायची. म्हणजे जास्तीच्या गोणीचे पैसे वेगळे आणि तिने केलेल्या दुखण्याच्या औषधाचे पैसे वेगळे!

मात्र एक गोष्ट लपवू नये. दर वेळी अहवाल खर्च कमीच सांगतो असे नाही. नत्र किंवा सेंद्रिय कर्ब कमी आला तर जास्त टाकायला सांगावे लागते. कधी जस्त, लोह नव्याने घ्यावे लागते. 'माती परीक्षण करा, पैसे वाचवा' एवढेच ओरडत गेलो तर ज्याला खर्च वाढवायला सांगितला तो पुढच्या वर्षी आपल्याला दारात उभा करणार नाही. आधीच सांगावे की खर्च कमी होईल किंवा वाढेल, पण खत पडेल ते कामाचे पडेल.

तात्यांकडे हा गोण्यांचा हिशेब मांडला तेव्हा खरे ऐकले ते काकूंनी. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "म्हणजी डीएपी कमी? मग त्या पैशाचं काय करायचं ते मी सांगते." विमा एजंट पॉलिसीचे नियम सांगत बसत नाही, तो मुलीच्या लग्नाचे वर्ष विचारतो. आम्ही मात्र इतकी वर्षे कर्त्या पुरुषाला किलो आणि टक्के सांगत आलो. घरातला हिशेब ज्यांच्या डोक्यात असतो त्यांना कधी सभेला बोलावलेच नाही.

तरीही नुसत्या बोलण्याने भागत नाही. तात्यांनी विचारले, "आन् ऊस बसला तर?" रास्त शंका. म्हणून चार एकर मागितलेच नाहीत, फक्त पाच सऱ्या मागितल्या. त्याआधी त्यांच्याच रानातून त्यांच्याच देखत नवा नमुना घेतला. अहवालात स्फुरद भरपूर आणि लोह कमी आले. त्या पाच सऱ्यांत डीएपी अहवालाप्रमाणे आणि एकरी १० किलो या प्रमाणात हिराकस, दहापट शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून. बाकी रान नेहमीसारखे. बेणे, पाणी, लागणीचा दिवस सगळे एकच. सरीच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या.

नमुना बिघडला की सगळे बिघडते

इथे थोडे नमुन्याविषयी, कारण निम्म्या तक्रारींचे मूळ त्यात आहे. नमुना पीक निघाल्यावर आणि पुढचे खत टाकण्याआधी घ्यावा. ज्वारी, हरभरा निघाल्यावरचा उन्हाळा उत्तम. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडावी. बांध, झाडाची सावली, विहिरीची कड, खताचा उकिरडा आणि जनावरे बांधण्याची जागा टाळावी. रान एकसारखे नसेल तर मुरमाडाचा नमुना वेगळा, काळ्याचा वेगळा. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर गंजके खुरपे आणि जस्ताची बादली नको. माती सावलीत वाळवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जावे आणि अर्धा किलो ठेवावी. कापडी पिशवीत चिठ्ठी घालावी ती शिसपेन्सिलीने लिहिलेली, शाई ओलीने फुटते. चिठ्ठीवर गट नंबर, मागचे पीक आणि मुख्य म्हणजे पुढे घ्यायचे पीक लिहा. पुढचे पीक माहीत नसेल तर प्रयोगशाळा शिफारस कशाची करणार? डाळिंब किंवा द्राक्ष लावायचे असेल तर फूट-फूट खोलीचे तीन थर वेगळे द्या आणि विहिरीचे, बोअरचे पाणीही तपासा. सांगोला, मंगळवेढ्याकडे माती बरी आणि पाणी खारे अशीही रानं आहेत. शासकीय प्रयोगशाळेत साध्या तपासणीची फी नाममात्र असते. शंका असेल तर मोहोळ आणि खेडच्या कृषी विज्ञान केंद्रांत विचारावे, डाळिंबवाल्यांना केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि माझ्या खात्यातील मित्रांनाही एक विनंती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जमीन सुपीकता निर्देशांकाचा फलक बऱ्याच गावांत आहे. त्यावर नत्र, स्फुरद, पालाशाचे दशांश चिन्हातले आकडे आहेत. फलकाखाली बसून पत्ते कुटणाऱ्यांनाही ते कळत नाहीत. त्याच भिंतीवर खाली दोन ओळी रंगवून घ्या. आपल्या गावात उसाला, ज्वारीला एकरी कोणत्या खताच्या किती गोण्या, एवढेच. रंगाचा खर्च असा कितीसा येणार? आणि पत्रिका वाटपाचा कार्यक्रम घ्यायचाच असेल तर हार-तुरे कमी करून पाच पत्रिका तरी मोठ्याने वाचून दाखवा. ज्याची पत्रिका वाचली जाते तो उभा राहून प्रश्न विचारतो आणि मग शेजारीही विचारतो, असा माझा अनुभव आहे.

तात्यांच्या त्या पाच सऱ्यांचे काय झाले, हे विचाराल. पावसाळ्यात बाकीच्या रानात जागोजाग केवडा दिसला, या सऱ्या हिरव्या राहिल्या. येणारे-जाणारे खुंट्या बघून विचारत होते. पण हंगामात तोडणीला टोळी आली आणि मुकादमाने हात वर केले. "पाच सऱ्यांसाठी येगळी गाडी कोण भरणार, सायेब? खाली अजून तीन फड हायत." त्याचेही बरोबर होते. मग आम्ही घरचा काटा बांधावर आणला. दोन्हीकडच्या दहा-दहा फूट सरीतले ऊस मोजले, वीस-वीस ऊस तोडून मोळ्या बांधून वजन केले. खुंट्यांच्या आतला ऊस किंचित भारी भरला. किंचितच, त्यावरून छाती ठोकून काही सांगावे एवढा नाही. तात्या काट्याकडे बघत म्हणाले, "फार फरक न्हाई, सायेब." मी म्हणालो, "डीएपी मात्र कमी पडलंय, तात्या." ते काही बोलले नाहीत. घरी गेल्यावर पोराच्या वहीचे कव्हर काढून आणले आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला दोन्ही वजने पेन्सिलीने लिहून ठेवली. खोडव्याला पाचाऐवजी वीस सऱ्या सोडायच्या, असे सध्या तरी ठरले आहे.